व्हिडिओ गेम कन्सोलचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या व्हिडिओ गेमबद्दल वाचकांकडून तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात. त्यातले नेहमीचे निवडून इथे एकत्र उत्तरं दिली आहेत. सुरुवातीला इतिहासाचे आणि शेवटी जुनं यंत्र आज चालवू पाहणाऱ्यांचे प्रश्न आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सगळ्यात जास्त खपला तोच कन्सोल सगळ्यात प्रभावी, असं का म्हणू नये?

कारण खप हा त्या कंपनीचा हिशेब असतो आणि प्रभाव पडतो तो बाकीच्या सगळ्यांवर. माझी कसोटी अशी: हे यंत्र आल्यानंतर इतरांना आपली यंत्रं वेगळ्या पद्धतीने बनवावी लागली का? या कसोटीवर फेअरचाइल्डचा चॅनल एफ वरचा ठरतो, जरी तो फारच कमी घरांत पोहोचला होता (प्रश्न ४). सेगाचा ड्रीमकास्ट जगभरात ९० लाखांच्या थोडाच पुढे गेला आणि सेगाला कन्सोलचा धंदा सोडायला लावून गेला, तरी प्रभावी कन्सोलांत तो धरायलाच हवा (प्रश्न १६). याउलट कोट्यवधींनी खपलेली काही यंत्रं आधीच्याच वाटेवरून नीट चालली, एवढंच त्यांचं श्रेय. तेही मोठं आहे, पण ते वेगळं आहे.

२. घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला व्हिडिओ गेम कोणता?

मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, अमेरिका, १९७२. तो घडवला राल्फ बेअर यांनी. न्यू हॅम्पशायरमधल्या सँडर्स असोसिएट्स या संरक्षणसामग्री बनवणाऱ्या कंपनीत ते अभियंता होते. घरोघरी पोहोचलेल्या टीव्हीवर फक्त कार्यक्रम पाहण्यापलीकडे काही करता येईल का, हा विचार त्यांनी १९६६मध्ये कागदावर उतरवला. पुढच्या दोन वर्षांत सहकाऱ्यांसोबत त्यांनी तपकिरी रंगाची एक पेटी तयार केली, आणि तीच पुढे ओडिसी म्हणून बाजारात आली.

आज ओडिसी पाहिला तर थक्क व्हायला होतं. त्यात प्रोसेसर नाही, आवाज नाही, गुण मोजायची सोय नाही. पडद्यावर दिसतात ते पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ. बाकी सगळं खेळणाऱ्यांनी भरून काढायचं. टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत पारदर्शक पडदे, फासे, पत्ते आणि खोट्या नोटासुद्धा खोक्यात यायच्या. मैदान हवं तर मैदानाचा पडदा लावा, भुताचा वाडा हवा तर वाड्याचा. ठिपका तोच.

३. मग अटारीचा 'पाँग' पहिला नव्हता का?

नव्हता, पण गोंधळ समजण्यासारखा आहे. मे १९७२मध्ये कॅलिफोर्नियात ओडिसीचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा पुढे अटारी काढणारे नोलन बुशनेल ते पाहायला गेले होते. तिथल्या पाहुण्यांच्या वहीत त्यांची सही आहे, आणि पुढे कोर्टात ती मॅग्नाव्हॉक्सच्या कामी आली. बुशनेल यांनी अटारीत नव्याने आलेल्या अॅल अल्कॉर्न यांना सराव म्हणून टेबल टेनिसचा खेळ करायला सांगितला. तो इतका रंगला की नाणं टाकून खेळायचं यंत्र म्हणून बाजारात गेला. मॅग्नाव्हॉक्सने दावा लावला आणि १९७६मध्ये अटारीने परवाना घेऊन तडजोड केली.

थोडक्यात, घरातला पहिला गेम ओडिसीचा, आणि लोकांना वेड लावणारा पहिला गेम पाँग. घरी खेळायचा पाँग १९७५मध्ये आला.

४. कॅसेट बदलली की गेम बदलतो, ही सोय कोणी आणली?

ओडिसीतही कार्डं बदलायची असायची, पण त्यांत गेम साठवलेला नसे. ती फक्त आतल्या तारांची जोडणी बदलायची. गेमचा प्रोग्राम स्वतःच कॅसेटमध्ये आणि तो चालवायला कन्सोलमध्ये मायक्रोप्रोसेसर, हे पहिल्यांदा घडलं १९७६मध्ये फेअरचाइल्ड चॅनल एफमध्ये. त्या कामाची धुरा जेरी लॉसन यांच्याकडे होती. त्या काळात सिलिकॉन व्हॅलीत कृष्णवर्णीय अभियंते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि लॉसन यांचं नाव पुढे कितीतरी वर्षं फारसं कोणी घेतलं नाही. ते घ्यायला हवं.

अडचण साधी वाटते, पण मोठी होती. लहान मुलं कॅसेट शेकडो वेळा आत-बाहेर करणार, दर वेळी सर्किटचे संपर्क जुळले पाहिजेत, स्थिर विजेने चिप जळता कामा नये, आणि कॅसेट फुटताही कामा नये. हे सगळं सोडवल्यामुळे यंत्र एकदा विकायचं आणि गेम मात्र वर्षानुवर्षं विकत राहायचे, हा धंदा शक्य झाला. आजचा प्रत्येक कन्सोल याच हिशेबावर उभा आहे.

५. अटारी २६०० एवढा का गाजला?

१९७७मध्ये आला तेव्हा त्याचं नाव अटारी व्हीसीएस होतं. २६०० हा आकडा नंतर चिकटला. सुरुवातीला विक्री बेताचीच होती. १९८०मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा आर्केडमधला, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरचा लोकप्रिय गेम अधिकृत परवान्याने घरी आला आणि चित्र पालटलं. एका गेमसाठी लोक अख्खं यंत्र विकत घेतात, हे कंपन्यांना पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते तेव्हा.

त्याच्या आत काय होतं तेही जवळून पाहण्यासारखं आहे. त्यात रॅम होती फक्त १२८ बाइट. हे उत्तरसुद्धा त्यात मावणार नाही. अख्खं चित्र साठवायला जागाच नसल्यामुळे टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक ओळ रंगवत असताना प्रोग्रामने ऐन वेळी 'आता हा रंग, आता हा आकार' असं चिपला सांगत राहायचं. एक सूचना उशिरा गेली की चित्र फाटलं. चिपला मुळात दोन खेळाडू, दोन गोळ्या, एक चेंडू आणि मागचं मैदान एवढंच माहीत. त्यातून प्रोग्रामरांनी जंगलं, किल्ले आणि अवकाशयुद्धं उभी केली.

आणखी एक मोठा बदल याच यंत्रावर घडला. गेमवर नाव नाही आणि नफ्यात वाटा नाही, म्हणून अटारीचे काही चांगले प्रोग्रामर बाहेर पडले आणि १९७९मध्ये अॅक्टिव्हिजन स्थापन झाली. कन्सोल एका कंपनीचा आणि गेम दुसऱ्या कंपनीचा, ही प्रथा तिथून सुरू झाली.

६. अटारीच्या 'ई.टी.' या एका वाईट गेममुळे व्हिडिओ गेमच्या धंद्यात १९८३ची मंदी आली, हे खरं का?

नाही. ई.टी. हा त्या पडझडीचा चेहरा आहे, कारण नव्हे. अटारीचे प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो गेम जेमतेम पाच आठवड्यांत करावा लागला, कारण १९८२चा नाताळ गाठायचा होता. गेम फसला, लाखो कॅसेट परत आल्या, आणि न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरल्या गेल्या. पुष्कळांना ही दंतकथा वाटायची. २०१४मध्ये खणल्यावर कॅसेट सापडल्या, पण त्या एकट्या ई.टी.च्या नव्हत्या, अटारीच्या इतर गेमच्याही होत्या.

खरी कारणं खोलवरची आहेत. अॅक्टिव्हिजनच्या मागोमाग (प्रश्न ५) ज्यांना गेममधलं काही कळत नव्हतं अशा कंपन्याही कॅसेट काढू लागल्या. दुकानदारांकडे माल साचला आणि नवे गेमही मातीमोल भावाने विकले जाऊ लागले. त्याच सुमारास कमोडोर ६४सारखे घरगुती संगणक स्वस्त झाले. डिसेंबर १९८२मध्ये अटारीची मालक वॉर्नर कंपनी 'विक्री अपेक्षेइतकी वाढणार नाही' असं म्हणाली आणि तिचा शेअर कोसळला. पुढच्या दोन वर्षांत अमेरिकेतली उलाढाल सुमारे तीन अब्ज डॉलरवरून दहा कोटींच्या आसपास घसरली.

पण ही मंदी मुख्यतः अमेरिकेतली. जपानमध्ये त्याच वर्षी काय घडत होतं ते पुढच्या प्रश्नात.

७. फॅमिकॉम आणि एनईएस एकच का? आणि सगळे त्याला एवढा मान का देतात?

आतून जवळजवळ एकच. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ला आला. किंमत १४,८०० येन, पांढरी आणि लालसर तपकिरी पेटी, दोन रिमोट यंत्रालाच जोडलेले. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांच्या चमूने केली. १९८५मध्ये तो अमेरिकेत गेला तेव्हा दुकानदार 'व्हिडिओ गेम' हे शब्द ऐकायला तयार नव्हते. म्हणून निन्टेन्डोने त्याला करड्या रंगाचं, व्हीसीआरसारखं पुढून कॅसेट घालायचं रूप दिलं, नाव 'निन्टेन्डो एन्टरटेन्मेंट सिस्टिम' (एनईएस) ठेवलं आणि सोबत एक खेळण्यातला रोबो दिला.

मला एकच कन्सोल निवडायला सांगितला, तर मी हाच निवडेन, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे अधिकाच्या चिन्हासारखं दिशेचं बटण. ते गुनपेई योकोई यांनी १९८२च्या डाँकी काँगच्या हातातल्या छोट्या खेळासाठी काढलं होतं. फॅमिकॉममुळे ते डाव्या अंगठ्याखाली कायमचं बसलं आणि आजच्या रिमोटवरही तिथेच आहे. दुसरं कारण धंद्याचं आहे. अमेरिकेतल्या यंत्रात कुलपासारखी एक चिप होती. निन्टेन्डोची परवानगी नसलेली कॅसेट घातली की यंत्र पुन्हा पुन्हा रिसेट व्हायचं. गेम करणाऱ्या कंपनीने निन्टेन्डोकडूनच कॅसेट बनवून घ्यायच्या, पैसे आगाऊ भरायचे आणि वर्षाला पाचपेक्षा जास्त गेम काढायचे नाहीत. जाच होताच. कोनामीने पाचाच्या पुढे जाण्यासाठी वेगळ्या नावाची कंपनी काढली. पण अटारीला बुडवणारा निकृष्ट मालाचा पूर यामुळे थांबला. आज प्लेस्टेशन असो की मोबाईलवरचं अॅपचं दुकान, 'आमच्या दारातून आत यायचं तर आमचे नियम आणि आमचा वाटा' ही पद्धत इथूनच रुजली.

आणि अर्थातच 'सुपर मारिओ ब्रदर्स', १९८५. अख्खा गेम ४० किलोबाइटचा.

८. आमच्याकडे लहानपणी होता तो 'व्हिडिओ गेम' निन्टेन्डोचाच होता का?

बहुधा नाही. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही महाराष्ट्रातल्या घराघरांत जी यंत्रं आली, त्यातली बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर अशी त्यांची नावं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती मिळायची. फॅमिकॉमच्या चिपची हुबेहूब नक्कल तैवानमध्ये होऊ लागली, पुढे ती सगळी एका चिपमध्ये बसवली गेली, आणि यंत्र फारच स्वस्त झालं. जुनं यंत्र उघडलंत तर हिरव्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक गोल ठिपका दिसेल. सगळा फॅमिकॉम त्या ठिपक्याखाली आहे.

ओळखायची खूण सांगतो. कॅसेट वरून उभी घातली जात असेल, रिमोटवर ए-बीच्या वर आणखी दोन 'टर्बो' बटणं असतील, आणि टीव्हीला अँटेनाच्या वायरने जोडून चॅनेल शोधावं लागत असेल, तर ती नक्कलच. कुलपाची चिप (प्रश्न ७) जपानी फॅमिकॉममध्ये नव्हतीच, म्हणून नक्कल करणाऱ्यांचं काम सोपं झालं.

प्रभावाच्या दृष्टीने या नकला महत्त्वाच्या आहेत. मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायचा गेम हे भारतात, रशियात, पोलंडमध्ये, दक्षिण अमेरिकेत पोहोचले ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. निन्टेन्डोला त्यातून दमडीही मिळाली नाही, पण एका पिढीच्या डोक्यात 'गेम' म्हणजे काय हे ठरलं ते तिथेच.

९. '९९९९९ इन १' कॅसेटमध्ये खरंच एवढे गेम असायचे?

नाही. खरे गेम थोडेच, बऱ्याचदा दहाच्या आत. यादीत पुढे तेच गेम वेगळ्या नावाने येतात, फक्त सुरुवात वेगळ्या राउंडपासून किंवा जास्त लाइफ देऊन होते. 'कॉन्ट्रा'त तीस लाइफ मिळवायची किल्ली (वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए) मात्र खरी, कोनामीच्याच प्रोग्रामरने ठेवलेली. आधी ती 'ग्रेडियस' या दुसऱ्या गेममध्ये होती.

१०. फुंकर मारली की कॅसेट चालायची. का?

फुंकरेमुळे नाही, काढून पुन्हा घातल्यामुळे. कॅसेटच्या तळाशी धातूच्या पट्ट्या असतात. त्यावर गंज किंवा धूळ बसली की संपर्क तुटतो. कॅसेट पुन्हा घातल्यावर पिना घासल्या जातात, जागा किंचित बदलते आणि संपर्क जुळतो. श्वासातल्या ओलाव्याने तेवढ्यापुरता फायदा होत असेलही, पण तोच ओलावा पुढे धातू खातो.

आता कॅसेट साफ करायची असेल तर कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा आणि पूर्ण सुकू द्या. फारच काळवंडल्या असतील तर मऊ खोडरबर हलक्या हाताने चालतो. पॉलिश पेपर अजिबात नको.

११. बदकं मारायची बंदूक नव्या एलईडी टीव्हीवर का चालत नाही?

बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, ती फक्त बघते. नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा भाग असतो. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा पूर्ण काळा करतो, आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन दाखवतो. आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक येतात, आणि उजेड कधी दिसला त्यावरून कोणतं बदक मेलं ते ठरतं. हे सगळं सेकंदाच्या एका छोट्या अंशात घडतं.

जुन्या पिक्चर ट्यूबवर सिग्नल येताच किरण पडदा रंगवतो. नवा टीव्ही मात्र आधी चित्र साठवतो, मोठं करतो, सुधारतो आणि मग दाखवतो. तो चौकोन पडद्यावर येईपर्यंत बंदुकीची बघायची वेळ संपलेली असते. त्यामुळे टीव्हीचा 'गेम मोड' लावूनही बंदूक चालत नाही. हा खेळ हवाच असेल तर जुना ट्यूबचा टीव्ही शोधा.

१२. गेम बॉयमध्ये रंग नव्हते, तरी रंगीत पडद्याची यंत्रं त्याच्यापुढे का हरली?

बॅटरी, किंमत आणि 'टेट्रिस'. गेम बॉय १९८९चा, आणि तोही योकोईंच्या चमूचा (प्रश्न ७). त्यांचं म्हणणं असं की जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि त्याचा कोणाला सुचला नाही असा वापर करा. म्हणून पडदा हिरवट, चार छटांचा, मागे दिवा नाही. पण पेन्सिल सेलच्या चार बॅटऱ्यांवर तो दहा-पंधरा तास सहज चालायचा. सेगाच्या रंगीत गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते काही तासांतच संपायचे. प्रवासात रंगीत पण बंद पडलेलं यंत्र काय कामाचं?

टेट्रिस हा मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांचा गेम. तो यंत्रासोबत दिल्यामुळे मुलांबरोबर मोठ्यांनीही गेम बॉय घेतला. १९९६मध्ये 'पोकेमॉन' आला आणि दोन यंत्रं जोडायच्या वायरला खरा उपयोग मिळाला. रंगीत आवृत्ती धरून या कुटुंबाचा खप ११ कोटी ८० लाखांच्या वर गेला.

१३. निन्टेन्डोच्या तुलनेत सेगाचं नाव इतकं मागे का? त्यांचा मेगा ड्राइव्ह कन्सोल भारतातही मिळायचा ना?

मिळायचा. १९९५मध्ये सेगाने शॉ वॉलेस कंपनीशी वितरणाचा करार केला होता, पण किंमत १८,००० रुपयांच्या घरात. त्या काळी मध्यमवर्गीय घरात एवढे पैसे गेमवर कोण घालणार? मेगा ड्राइव्हचा प्रभाव मुख्यतः अमेरिकेत दिसला. १९९१मध्ये 'सॉनिक' हा गेम आला आणि निन्टेन्डोला पहिल्यांदा तोडीस तोड उत्तर मिळालं. किशोरवयीन मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आक्रमक जाहिरात ही सेगाची देणगी.

१४. निन्टेन्डोने शब्द फिरवला म्हणून प्लेस्टेशन जन्माला आला, हे कितपत खरं?

बरंचसं खरं. सोनीतले केन कुतारागी यांनी निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमची आवाजाची चिप बनवली होती. त्यातून सीडी चालवणाऱ्या जोडयंत्राचा करार झाला. जून १९९१मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते यंत्र जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने सोनीऐवजी फिलिप्सचं नाव जाहीर केलं. सीडीवरच्या गेमचे हक्क सोनीच्या हातात जातील, ही निन्टेन्डोची भीती होती. सोनीचे अध्यक्ष नोरिओ ओगा संतापले, आणि कुतारागींना स्वतंत्र कन्सोल करायला मोकळीक मिळाली.

प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ला आला. मे १९९५मध्ये लॉस एंजेलिसला सेगाने आपला सॅटर्न कन्सोल ३९९ डॉलरला जाहीर केला. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, '२९९' एवढंच म्हणाले आणि खाली उतरले.

किमतीपेक्षाही मोठी गोष्ट सीडीची. एका सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मावायचे, तर निन्टेन्डो ६४ची सर्वांत मोठी कॅसेट ६४ मेगाबाइटची. शिवाय सीडी छापणं स्वस्त आणि झटपट. स्क्वेअर कंपनी वर्षानुवर्षं निन्टेन्डोसोबत होती, पण 'फायनल फँटसी ७' तिने १९९७मध्ये तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी काढला. सीडीची कॉपीही सोपी होती, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. कॉपी चालावी म्हणून वेगळी चिप बसवलेली यंत्रं आणि कॉपी केलेल्या सीडी यांवरच इथले बहुतेक गेम पार्लर चालले.

१५. प्लेस्टेशन २ आतापर्यंतचा सगळ्यात जास्त खपलेला कन्सोल. मग प्रभावात तो पहिल्या नंबरवर का नाही?

खप सुमारे १६ कोटी, आणि त्याचं मोठं कारण डीव्हीडी. २०००मध्ये तो आला तेव्हा जपानमध्ये अनेकांनी तो डीव्हीडी प्लेअर म्हणूनच घेतला. जुन्या प्लेस्टेशनचे गेमही त्यावर चालायचे. दोन्ही निर्णय हुशारीचे, पण प्रश्न १च्या कसोटीवर त्याने उद्योगाची दिशा फारशी बदलली नाही. भारतासाठी मात्र तो खास आहे. २००९मध्ये आलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' हा भारतात बनलेला त्याचा पहिला गेम. गेम म्हणून तो कच्चा होता, तरी कन्सोलवर इथला गेम येऊ शकतो हे दिसलं.

१६. इंटरनेटवरून खेळणं कन्सोलवर कोणी आणलं, एक्सबॉक्सने ना?

रुजवलं एक्सबॉक्सने, पण पाया ड्रीमकास्टचा. सेगाने १९९८मध्ये कन्सोलमध्येच मोडेम दिला. २०००च्या अखेरीस आलेल्या 'फँटसी स्टार ऑनलाइन'मध्ये वेगवेगळ्या देशांतले लोक एकत्र खेळत होते. पण पैसा संपला होता आणि समोर प्लेस्टेशन २ उभा होता. मार्च २००१मध्ये सेगाने उत्पादन थांबवलं.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आला. त्यात हार्ड डिस्क आणि नेटवर्कची जोडणी मुळातच होती. २००२मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह सुरू झालं. एकच नाव, मित्रांची एकच यादी, सगळ्या गेममध्ये बोलायची सोय, आणि त्यासाठी वर्षाची वर्गणी. सोनी आणि निन्टेन्डो या दोघांनाही पुढे याच वाटेने यावं लागलं. एक्सबॉक्स ३६० भारतात २००६मध्ये अधिकृतपणे आला.

१७. निन्टेन्डोच्या वी कन्सोलचा 'सेन्सर बार' बिघडला. त्याशिवाय खेळता येईल का? आणि वी इतका गाजला कशामुळे?

येईल. नाव काहीही असो, त्या पट्टीत सेन्सर नाही, दोन्ही टोकांना इन्फ्रारेड दिवे आहेत. कॅमेरा रिमोटच्या टोकाला असतो आणि तो त्या दोन दिव्यांवरून आपली दिशा ठरवतो. टीव्हीजवळ थोड्या अंतरावर दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवल्या तरी काम चालतं. लहान मुलं घरात असतील तर हा प्रयोग करू नका, बॅटरीवरची पट्टी स्वस्तात मिळते.

गाजला कारण २००६मध्ये बाकीचे हाय डेफिनिशनच्या मागे असताना निन्टेन्डोने हात हलवून खेळायचा, आजीआजोबांनाही लगेच जमणारा टेनिस दिला. दहा कोटींच्या वर खप झाला. २०१०मध्ये सोनीने मूव्ह आणि मायक्रोसॉफ्टने काइनेक्ट काढला, तो याच धक्क्याने.

१८. निन्टेन्डोच्या स्विचला एवढ्यातच ऐतिहासिक म्हणायचं का?

म्हणायला हरकत नाही. २०१७मध्ये घरातलं आणि हातातलं यंत्र त्याने एक केलं. हातात मावणारे पीसी त्याआधीही होते, पण स्टीम डेकपासून त्यांची जी रांग लागली, तिच्यामागे स्विचचं यश आहे.

१९. नातेवाइकाने अमेरिकेतून किंवा जपानमधून जुना कन्सोल आणला आहे. इथे लावू का?

आधी अडॅप्टर वाचा. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, जपानची १०० आणि आपली २३०. अडॅप्टरवर '१००–२४०' असं नसेल तर थेट लावू नका. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. पहिला प्लेस्टेशन आणि सॅटर्न यांचा वीजपुरवठा यंत्राच्या आतच असतो, तिथे तर चूक महागात पडेल. फॅमिकॉम आणि अमेरिकी एनईएसचे अडॅप्टर एकमेकांना लावू नका. फॅमिकॉमला डीसी लागतो, एनईएसचा अडॅप्टर एसी देतो.

चित्राचा प्रश्न वेगळा. तिथला सिग्नल एनटीएससी, सेकंदाला ६० चित्रांचा. आपला जुना टीव्ही पाल पद्धतीचा, ५० चित्रांचा, त्यामुळे चित्र काळं-पांढरं दिसू शकतं किंवा घरंगळतं. याच फरकामुळे युरोपातले अनेक जुने गेम मूळ वेगापेक्षा साधारण सहाव्या हिश्शाने संथ चालायचे, संगीतासकट.

२०. जुन्या गेमची रॉम उतरवून मोबाईलवर खेळणं बेकायदा आहे का?

एम्युलेटर आणि रॉम यांत फरक करा. दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे लिहिलेलं असेल तर ते आपोआप बेकायदा ठरत नाही. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २०००मध्ये अपील न्यायालयाने असाच कौल दिला. रॉम म्हणजे गेमची प्रत, आणि तिचे हक्क कंपनीकडे असतात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला सुरक्षिततेसाठी बॅकअप घ्यायची मुभा आहे. कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत त्यात बसत नाही, आणि 'गेम आता मिळतच नाही' ही सबबही कायद्यात नाही. बरेच जुने गेम कंपन्या आज स्वतः विकतात, आधी तिथे पाहा.

२१. जुन्या कॅसेटमधला सेव्ह केलेला गेम गेला. परत येईल का?

गेलेला येणार नाही. 'झेल्डा' किंवा 'पोकेमॉन'सारख्या कॅसेटमध्ये सेव्ह केलेली माहिती साध्या रॅममध्ये असते आणि नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी ती जागती ठेवते. बॅटरी संपली की माहिती पुसली जाते. पोकेमॉनच्या गोल्ड आणि सिल्व्हर कॅसेटमध्ये घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं, म्हणून त्या लवकर संपतात. गेम मात्र शाबूत असतो. बॅटरी डाग दिलेली असते, त्यामुळे मोबाईल दुरुस्त करणारा चांगला कारागीर ती बदलून देईल. आधीच टॅब असलेली बॅटरी आणून द्या, साध्या बॅटरीला थेट डाग देऊ देऊ नका, ती तापून फुटू शकते. आणि सेव्ह अजून शिल्लक असेल तर जुनी बॅटरी काढण्याआधी कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने त्याची प्रत काढून घ्या.